कच्चा मध

पोळ्यातून काढल्यावर आगीवर न तापवलेला आणि बारीक गाळणीतून परागकण काढून न टाकलेला, केवळ कापडातून निथळलेला मध. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यांतला असा मध मुख्यतः आग्या माशीचा (एपिस डॉर्साटा) असतो. ही माशी उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच उघडे पोळे लटकवते. सातेरी (एपिस सेराना) ढोलीत किंवा कपारीत समांतर पोळी बांधते, म्हणून ती पेटीत पाळता येते. झुडपातली फुलोरी (एपिस फ्लोरिया) थोडाच मध देते.

प्राचीन वर्गीकरण : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 27) माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक असे मधाचे चार प्रकार येतात. सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय 45) त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल यांची भर पडून ते आठ होतात. कोणते नाव कोणत्या माशीचे, यावर एकमत नाही. चरक रंगावरून ओळख सांगतात : माक्षिक तेलाच्या रंगाचा, पौत्तिक तुपाच्या, क्षौद्र कपिल (तांबूस-पिंगट), तर भ्रामर पांढरा. भावप्रकाशात (सामान्यतः सोळावे शतक मानतात) माक्षिक मध पिंगट रंगाच्या मोठ्या माश्यांचा सांगितला आहे. हे वर्णन आग्याला बरेच जुळते. त्याच ग्रंथातली पुत्तिका (पौत्तिक मधाची माशी) मात्र काळी, डासासारखी लहान आणि झाडाच्या ढोलीत राहणारी आहे, तर अन्यत्र पुत्तिका मोठ्या माश्या मानल्या आहेत. एकाच माशीचा मध जांभळाच्या बहरात गडद आणि करंजाच्या बहरात फिका निघू शकतो. त्यामुळे केवळ रंगावरून प्रकार ठरवण्यापेक्षा माशीचा आकार आणि पोळ्याची जागा यांवरून केलेली ओळख अधिक भरवशाची वाटते. चरकांनी चौघांत माक्षिक श्रेष्ठ मानला आहे, आणि उष्ण मध किंवा उष्णतेने त्रासलेल्याने घेतलेला मध घातक म्हटला आहे.

घटक : मधात सरासरी 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि 17 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तो आम्लधर्मी आहे (पीएच सुमारे 3.9). माशीच्या ग्रंथींतील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे), मध पातळ झाला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दाट साखर, आम्लता आणि हे पेरॉक्साइड मिळून जंतूंची वाढ रोखतात. भारतीय मानकांनुसार मधात पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. त्यापुढे साखरेत तगणारी किण्वे (यीस्ट) जागी होतात आणि मध फेसाळून आंबूस होतो. आग्याच्या मधात मुळातच पाणी जास्त असते, म्हणून विदर्भात पहिल्या पावसाआधी, वैशाखाच्या कोरड्या हवेत काढलेला मध टिकाऊ ठरतो.

काढणी : मध बिघडतो तो बहुधा इथेच. जुन्या रीतीत रात्री टेंभा पेटवून माश्या जाळत वा हुसकावत आणि सगळे पोळे कापून हाताने पिळत. त्यात अंडी-अळ्यांचा रस, पराग आणि राख मिसळते. असा मध गढूळ होतो, लवकर आंबतो, आणि वसाहतही संपते. खरे तर आग्याच्या पोळ्यात मधाचा भाग वेगळा असतो. फांदीलगत वरच्या बाजूला पोळे जाड फुगते, तेच मधाचे डोके. खालच्या पातळ पडद्यात अंडी-अळ्या असतात. जाळीचा पोशाख घालून थोडा धूर द्यायचा, डोक्यातली दोन-तृतीयांश घरे मेणाने बंद झालेली पाहायची आणि तेवढाच भाग धारदार स्टीलच्या सुरीने कापायचा. पडदा सलामत राहिला तर माश्या त्याच जागी पुन्हा मध भरतात आणि हंगामात दुसरी काढणी मिळते. या अहिंसक पद्धतीचा प्रसार वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने केला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावीही तिचा अभ्यास झाला.

कापलेले तुकडे न पिळता मलमलीवर ठेवून निथळू द्यावेत. एक-दोन दिवसांत वर येणारा फेस व मेण काढून टाकावे. जर्मनचा गंज (ॲल्युमिनियमचे भांडे) किंवा लोखंडी डबा वापरू नये, कारण आम्लामुळे धातू मधात उतरतो. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे, आणि ते काठोकाठ भरून घट्ट झाकावे. मध हवेतले पाणी ओढतो.

उष्णता : 'कच्चा' हा शब्द चुलीपुरता समजला जातो, पण विदर्भाचा उन्हाळा चुलीशिवायही मध शिजवतो. उष्णतेने वाढणाऱ्या हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल (एचएमएफ) या घटकाचे प्रमाण किलोमागे 30 मिलिग्रॅमवर जायला 30 अंश सेल्सिअसला साधारण 150 ते 250 दिवस लागतात, 40 अंशांना 20 ते 50 दिवस आणि 60 अंशांना जेमतेम एक-दोन दिवस. भारतीय मर्यादा 80 मिलिग्रॅम आहे. टिनाच्या छपराखाली एप्रिल-मे महिने राहिलेला मध आगीचे तोंड न पाहताही कच्चा उरत नाही. डबा मातीच्या भिंतीच्या अंधाऱ्या खोलीत, जमिनीलगत ठेवावा.

उपयोग : सर्वाधिक आधार मुलांच्या खोकल्याबाबत आहे. एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध दिल्यास खोकला काहीसा कमी होतो, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या 2018च्या आढाव्यात दिसते. अडुळशाच्या रसात मध घालण्याची घरोघरची रीत याला धरूनच आहे. वरवरच्या भाजण्यावर मधाने जखम लवकर भरते, असे कॉक्रेनचाच 2015चा आढावा सांगतो. परंतु ते निष्कर्ष रानातल्या मधाला सरसकट लावू नयेत. भाजल्यावर आधी 20 मिनिटे थंड पाणी ओतावे, आणि खोल जखमेवर घरचा मध लावू नये. लिंबू-मधाच्या पाण्याने वजन उतरते याला पुरावा नाही. मोठ्या चमच्यात (21 ग्रॅम) सुमारे 64 कॅलरी असतात, आणि मधुमेहात मध साखरच ठरतो.

एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, घुटीतही नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. त्याची लक्षणे : बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, मान न धरणे. घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. जन्मल्यावर मध-तूप चाटवण्याचा संस्कार जुना असला तरी इथे तो थांबवलाच पाहिजे.

शुद्धता : पाण्यात थेंब तळाशी जाणे, वात पेटणे, मुंगी न लागणे या परीक्षांनी भेसळ कळत नाही, कारण दाट साखरपाकही त्यांत उत्तीर्ण होतो. उसा-मक्याची साखर कार्बन समस्थानिकांच्या तपासणीत सापडते. तांदळाच्या पाकासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. थंडीत मध गोठणे ही भेसळीची खूण नव्हे. ग्लुकोज जास्त असलेला मध 14 अंशांच्या आसपास सर्वांत लवकर रवाळ होतो. बाटली बोट सहज बुडवून ठेवता येईल इतक्याच कोमट पाण्यात ठेवली, की रवा हळूहळू विरतो.