वाटीभर दूध की वाटीभर पेज?

बेळगावच्या टिळकवाडीत शेजारच्या काकूंच्या मोती कुत्र्याला दोन दिवस जुलाब होत होते. "पोटाला हलकं म्हणून दूध-चपातीच घालतेय," काकू म्हणाल्या. दृष्ट लागली म्हणून मोतीच्या गळ्यात काळा दोराही बांधला होता. दोऱ्यानं जंत मरत नाहीत. त्याच्या भरवशावर दोन दिवस निघून जातात, मला राग त्याचा येतो.

कारणं बरीच असतात. खाणं अचानक बदललं, उकिरड्यावरचं काही पोटात गेलं, पंगतीतलं तेलकट मटण किंवा आपला दुधाचा गोड कुंदा लाडानं भरवला. जंत असतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी शिरतात. पण दुधाचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) पिल्लात भरपूर असतं, मोठ्या कुत्र्यात बरंच कमी होतं. मग न फुटलेली साखर आतड्यात तशीच पुढं सरकते, तिथलं द्रावण दाट होतं आणि परासरणानं, म्हणजे पाणी दाट द्रावणाकडं ओढलं जातं त्या नियमानं, शरीरातलं पाणी आतड्यात उतरतं. आधीच पातळ होणारं आणखी पातळ होतं.

पेजेचं उलट आहे. भातातल्या स्टार्चचा (पिष्टाचा) रेणू प्रचंड मोठा, म्हणून तेवढ्याच वजनाच्या साखरेच्या मानानं तो पाणी फारच कमी ओढतो. स्वादुपिंडातलं अमायलेज हे विकर त्याला हळूहळू तोडतं आणि शेवटी ग्लुकोज सुटतं. (लांडग्यात या अमायलेजच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. माणसाच्या उष्ट्यावर जगताना कुत्रं भात पचवायला शिकलं.) लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन सोबत घेतं. हा सोडियम आतड्यात उतरलेल्या पाण्यातच असतो. पेशी तो पलीकडं रक्ताच्या बाजूला ढकलते आणि त्याच्यामागून पाणी शरीरात परत येतं. पुष्कळ जुलाबांत बाकीची यंत्रणा बिघडली तरी हे दार चालू राहतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे हजारो रोगी वाचवले, ते याच दारातून.

म्हणून मोठ्या कुत्र्याला मऊ, गिचका भात द्यावा. दोन भाग भात, एक भाग उकडलेलं कोंबडीचं मांस. कातडी, हाडं, तेल, मसाला काही नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, पाण्याचं भांडं सतत भरलेलं. शी घट्ट झाली की चार-पाच दिवसांत नेहमीचं खाणं हळूहळू मिसळत जावं. आपल्या घरातली अंगदुखीची गोळी देऊ नये. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या जठरात जखमा होतात.

लस न टोचलेल्या पिल्लाची गोष्ट मात्र निराळी. पार्व्होचा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या खळग्यांतल्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीच मारतो. नव्या पेशी येत नाहीत, शोषणारे उंचवटे झडतात, म्हणजे ते दारच उरत नाही. तिथं पेज काय करणार? शीमध्ये रक्त, उलट्या, मलूल पडलेलं पिल्लू दिसलं तर त्याच तासाला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं, सलाईन शिरेतून लावावं लागतं. मोठं कुत्रंही या पेज-भातावर दोन दिवसांत सावरलं नाही, किंवा मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच मागं बसली नाही (अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण), तर तिथंच न्यावं.

मोतीची कातडी लगेच बसली. काकूंनी त्या संध्याकाळी बासमतीच्या कण्यांची पेज लावली.