कन्व्हर्टर भरतो, इन्व्हर्टर उपसतो

इन्व्हर्टर सगळ्यांना माहीत असतो: बॅटरीतली डीसी घेतो, एसी करून देतो. पण घरच्या इन्व्हर्टरच्या डब्यात चार्जरही असतो. म्हणून मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतल्यावरही 'इन्व्हर्टर आहे ना, मग बॅटरी भरेलच' असं ठोकून दिलं जातं. नाही भरणार. मोटरहोममध्ये ते काम कन्व्हर्टरचं, तो एसीची डीसी करतो, आणि त्याला बाहेरून १२० व्होल्ट लागतात, कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरून नाहीतर जनरेटरमधून. अमेरिकेतल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातल्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये तो खांब नाही. सोलर पॅनेलला या दोघांचीही गरज नाही, ते चार्ज कंट्रोलरमधून थेट बॅटरीला जातं.

खरा घोळ पुढे आहे. वाळवंटात मुक्काम पडला की काही जण गाडीची मुख्य केबल सरळ इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये खुपसतात, म्हणजे सगळे प्लग चालू होतात. होतात खरे. पण १२० व्होल्ट आल्याबरोबर कन्व्हर्टरही जागा होतो आणि बॅटरी भरायला लागतो, त्याच बॅटरीतून निघालेल्या विजेने! ५० अँपिअर आत टाकायला ६५ ते ७० अँपिअर बाहेर उपसले जातात. फरक उष्णता होऊन जातो, तोही आधीच तापलेल्या बंद कप्प्यात. मग इन्व्हर्टर गरम होऊन बंद पडतो आणि दोष 'चायनीज माला'ला दिला जातो.

केबल जोडण्याआधी कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडा. गॅसवर आणि विजेवर चालणारा फ्रिज 'ऑटो'वर असेल तर १२० व्होल्ट दिसताच तो गॅस सोडून विजेवर जातो आणि ३००-४०० वॅट ओढतो. त्याला गॅसवर अडकवून ठेवा. गिझरचं विजेचं बटणही बंद हवं, तिथे तर १,४०० वॅट जातात. चार्जर आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात असलेली यंत्रं बॅटरीवर चालताना आपला चार्जर स्वतःच बंद ठेवतात; फ्रिज आणि गिझरकडे मात्र आपणच बघायचं. नवीन घ्यायचंच असेल तर तेच घ्यावं.

दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं मुळात १२ व्होल्टचं. फोन चार्ज करण्यासाठी २,००० वॅटचा इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. काहीही न जोडता तो तासाला एक-दोन अँपिअर-तास खातो.

राहिला छतावरचा एसी. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी साधारण १,५०० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे १४० अँपिअर. १०० अँपिअर-तासाच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या पाऊण तासाच्या आतच निम्म्यावर येतात, आणि निम्म्याखाली त्यांना नेऊ नये. डेथ व्हॅलीत दुपार काढायची तर खांब असलेली जागा आधीच राखून ठेवा.