एडना-स्टारचे धर्मग्राम चर्च

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनच्या पूर्वेला, गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनचा भाग असलेल्या तेव्हाच्या ऑस्ट्रियन प्रांतातून, आलेल्या युक्रेनियन शेतकऱ्यांनी १८९० च्या दशकात एडना ही वसाहत वसवली. पुढे तिला स्टार हे नाव पडले. कॅनडातील युक्रेनियनांची ही पहिली मोठी वसाहत. वसईकडचे मराठी ख्रिस्ती ‘पॅरिश’ला, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भक्तमंडळीला, धर्मग्राम म्हणतात. एडना-स्टारच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा आहे, कारण येथे धर्माखेरीज ग्राम असे काही नव्हतेच.

युक्रेनमधील नेबिलिव्ह गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक हे दोघे ७ सप्टेंबर १८९१ रोजी मॉन्ट्रियलला उतरले. परत जाऊन पिलिपिव यांनी गावकऱ्यांना ‘फुकट जमिनी’ची हकीकत सांगितली. लोकांना देशांतराला फूस लावल्याबद्दल ऑस्ट्रियन सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, पण बातमी पसरायची ती पसरलीच. लव्हिवचे कृषितज्ज्ञ ओसिप ओलेस्किव यांनी १८९५ मध्ये कॅनडा पाहिला, स्थलांतरावर पुस्तिकाही लिहिल्या आणि ओघ वाढला. १८९१ ते १९१४ या काळात सुमारे १,७०,००० युक्रेनियन कॅनडात आले.

दहा डॉलर शुल्क भरले की १६० एकर जमीन मिळे. अट एवढीच, की स्वतः तिच्यावर राहून ती कसायची. या अटीने एक गोष्ट मात्र हिरावली. गॅलिशियात घराला घर लागून असे आणि मधोमध चर्च. इथे प्रत्येक जण आपल्या १६० एकरांत एकटा. शेजाऱ्याचा धूर दिसला तरी पुष्कळ. पहिला हिवाळा अनेकांनी जमिनीत खणलेल्या, वर माती-गवत टाकलेल्या ‘बुर्देई’ नावाच्या खोपटात काढला. अशा माणसांनी स्वतःचे घर धड उभे राहण्याआधी चर्चसाठी लाकूड तोडायला घेतले, याचे नवल वाटायला नको. चर्च बांधणे म्हणजे हरवलेले गाव परत मिळवणे होते.

अडचण धर्मगुरूंची होती. गॅलिशियन लोक बहुतेक ग्रीक कॅथलिक होते. १५९६ च्या ब्रेस्त येथील समेटापासून त्यांचे चर्च पोपला मानत होते. मात्र उपासना, पंचांग आणि रीतिरिवाज पूर्वेकडचेच होते. त्यांचे धर्मगुरू विवाहित असत, आणि विवाहित धर्मगुरूंना उत्तर अमेरिकेत काम करायला रोमने बंदी घातली होती. त्यामुळे माणसे आली, पण त्यांचे पाद्री मागेच राहिले. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कोण करणार? द्याक, म्हणजे उपासनेत गायन चालवणारा जाणकार, शक्य तेवढे प्रार्थनागीत म्हणे. मृताला पुष्कळदा शेजारीच प्रार्थना म्हणून मूठमाती देत.

एप्रिल १८९७ मध्ये अमेरिकेतून फादर नेस्तर द्मित्रिव आले. ‘स्वोबोदा’ या युक्रेनियन वृत्तपत्राचे ते संपादक होते. मॅनिटोबातील तेरेबोव्ह्ला येथे त्यांनी कॅनडातील पहिली ग्रीक कॅथलिक उपासना केली आणि त्याच वसंतात ते एडनाला पोचले. धर्मग्रामाची रीतसर बांधणी तेव्हाची. पण त्याच वर्षी जुलैमध्ये पोपला न मानणाऱ्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या मिशनचे द्मित्री कामनेव आणि व्लादिमिर अलेक्सान्द्रोव हे दोन धर्मगुरू एडनाजवळच्या वोस्तोक परिसरात आले. वसाहतकऱ्यांपैकी काहींनीच त्यांना बोलावले होते. उपासनेची भाषा तीच, सूर तेच, क्रूस करण्याची रीत तीच. शिवाय ग्रीक कॅथलिक प्रार्थनेतही भक्तांना ‘ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीजन’ म्हणूनच संबोधले जाई. वर्षानुवर्षे पाद्री न पाहिलेल्या शेतकऱ्याला या दोन चर्चमधला फरक काय जाणवणार?

चर्चसाठी सरकारकडून जमीन मिळाली ती ‘ग्रीक कॅथलिक’ मंडळीसाठी, विश्वस्तांच्या नावे. इमारत लोकांनी श्रमदानाने उभारली. प्रेअरीतील, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या गवताळ मैदानातील, अशा चर्चांचा साचा मायदेशीचाच. ओंडके कोपऱ्यांत खाचा पाडून एकात एक बसवलेले. इमारतीचे तीन भाग, प्रवेशदालन, मुख्य दालन आणि पूर्वेकडे गर्भागारासारखी वेदीची जागा. मुख्य दालन आणि वेदी यांच्यामध्ये पवित्र चित्रांची भिंत, म्हणजे आयकॉनोस्टेसिस. वर ‘बान्या’, म्हणजे घुमट. तो बहुधा ऐपत आली की मागाहून चढे. घंटा चर्चवर नाही, तर शेजारच्या वेगळ्या मनोऱ्यात.

वाद पेटला तो मालकीवरून. प्रेअरीतील लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, बिशप चर्चची मालमत्ता आपल्या नावावर करून घेण्याचा आग्रह धरीत. ज्यांनी ओंडके वाहिले त्यांना हे मान्य होणे कठीण होते. काही जण ऑर्थोडॉक्स पाद्र्यांकडे वळले, काही रोमशी निष्ठावंत राहिले, आणि एका चर्चवर दोन मंडळ्यांनी हक्क सांगितला. खटला १९०६ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात आणि तिथून ब्रिटिश साम्राज्याचे अंतिम अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेला. (मराठी वाचकाला हे न्यायासन परके नाही; लोकमान्य टिळकांचे ताई महाराज प्रकरण १९१५ मध्ये तिथेच निकाली निघाले.) गवताळ रानातल्या लाकडी चर्चमधली मंडळी कोणत्या पंथाची, हा प्रश्न युक्रेनियनचा गंधही नसलेल्या इंग्रज न्यायमूर्तींनी सोडवला. इमारत ऑर्थोडॉक्सांना मिळाली. ग्रीक कॅथलिकांनी जवळच दुसरे चर्च बांधले. हरलेल्या पक्षाचे नुकसान इमारतीपुरते नव्हते. एकाच जहाजातून आलेली कुटुंबे कायमची दोन दारांनी आत जाऊ लागली.

या प्रकरणाचा धक्का दूरवर जाणवला. १९०२ मध्ये बाझिलियन या ग्रीक कॅथलिक संन्यासी संघाचे धर्मगुरू अल्बर्टात आले, १९१० मध्ये लव्हिवचे महाधर्माध्यक्ष आंद्रेई शेप्तित्स्की स्वतः कॅनडात येऊन लोकांना भेटले, आणि १९१२ मध्ये निकिता बुद्का हे युक्रेनियन ग्रीक कॅथलिकांचे कॅनडातील पहिले बिशप झाले. ना रोमच्या, ना रशियाच्या अखत्यारीत राहू इच्छिणाऱ्यांनी १९१८ मध्ये सस्काटून येथे युक्रेनियन ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च स्थापले.

एडमंटनच्या पूर्वेस असलेल्या युक्रेनियन सांस्कृतिक वारसा ग्रामात या परिसरातली जुनी चर्चे जशीच्या तशी आणून बसवली आहेत: एक रशियन परंपरेतले ऑर्थोडॉक्स, एक युक्रेनियन ऑर्थोडॉक्स, एक युक्रेनियन कॅथलिक. मूळ जागी राहिलेली बरीच ग्रामीण चर्चे आता वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतात. त्यातला एक दिवस पुनरुत्थानाच्या सणानंतरचा (ईस्टरनंतरचा), कबरींच्या आशीर्वादाचा. शहरात गेलेली नातवंडे-पतवंडे त्या दिवशी गाड्या काढून येतात. धर्मगुरू एकेका कबरीपाशी थांबतो, पाणी शिंपडतो, आणि ‘ख्रिस्तोस वोस्क्रेस’, ख्रिस्त उठला आहे, हे गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.