जबड्यावरून ठरलेलं घराणं

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ डिस्को नावाचं बेट आहे. 1994 साली कोपनहेगन विद्यापीठाचे राइनहार्ट क्रिस्टेनसेन विद्यार्थ्यांना घेऊन तिथे अभ्यासाला गेले होते. इसुन्ग्वा इथल्या थंडगार झऱ्यातल्या मॉसमध्ये त्यांना एक प्राणी मिळाला. त्याची लांबी जेमतेम 0.1 ते 0.15 मिलिमीटर, म्हणजे अनेक एकपेशीय जीवांपेक्षाही तो लहान. तरी त्याला मेंदू होता, आतडं होतं आणि तोंडात भलताच गुंतागुंतीचा जबडा होता.

त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध व्हायला 2000 साल उजाडलं. क्रिस्टेनसेन आणि पीटर फुंक यांनी त्याचं नाव ठेवलं ‘लिम्नोग्नाथिया मेर्स्की’. एवढ्याशा जिवासाठी सहा वर्षं? पण नवी जात जाहीर करायची तर ‘असा प्राणी मी आधी पाहिला नव्हता’ एवढ्यावर भागत नाही. तो कोणाकोणापासून आणि नेमका कशात वेगळा आहे, हे दाखवावं लागतं. एक नमुना त्या नावाचा कायमचा आधार म्हणून निवडायचा आणि तो शक्यतो संग्रहालयात ठेवायचा, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर ताडून पाहता येतं. इथे तर पंचाईत अशी की ताडून पाहायचं कोणाशी, हाच मुळात प्रश्न होता.

पोटाखालच्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंवर तो सरपटत होता, पोहताना गिरक्या घेत होता. पण असं करणारे सूक्ष्म प्राणी पुष्कळ आहेत. शिवाय मऊ शरीर काचपट्टीवर दबतं, आकसतं, त्याच्या आकारावर विसंबता येत नाही. जबडा मात्र टणक असतो. तळ्याच्या थेंबात हमखास दिसणाऱ्या रोटिफर प्राण्यांचे अभ्यासक तर कपड्यांच्या ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट वापरून अख्खं शरीर विरघळवतात आणि उरलेला जबडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहतात. जात ओळखायला त्याचा मोठा उपयोग होतो.

लिम्नोग्नाथियाच्या जबड्याचे भाग एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे. खाताना त्यातला काही भाग तो तोंडाबाहेर काढतो आणि जिवाणू, डायाटम (एकपेशीय शैवाल) वगैरे पकडतो. या जबड्याचा आडवा छेद घेतला तर नळीसारख्या बारीक कांड्या दिसतात. तशाच कांड्या रोटिफरच्या जबड्यात असतात, आणि वाळूत राहणाऱ्या ग्नॅथोस्टोम्युलिडा या सागरी कृमींच्या जबड्यातही. म्हणजे नातं होतं, पण घर एकच नव्हतं. त्यामुळे नव्या जातीबरोबर नवी प्रजाती, नवं कुल आणि मायक्रोग्नाथोझोआ हा नवा वर्गच मांडावा लागला. आज अनेक प्राणिशास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र संघ, म्हणजे वर्गाच्याही वरचा मोठा गट मानतात. कीटक, कोळी, खेकडे मिळून एक संघ होतो हे लक्षात घेतलं, तर या एकट्या जिवाला मिळालेल्या जागेचं अप्रूप कळेल. क्रिस्टेनसेन यांना मात्र याची सवय असावी. लॉरिसिफेरा (1983) आणि फुंक यांच्यासोबत सायक्लिओफोरा (1995) हे दोन संघ त्यांच्या नावावर आधीच जमा होते.

सापडलेले सगळे प्रौढ नमुने माद्याच निघाले. नर एकही नाही. बहुधा माद्या नराशिवायच अंडी घालत असाव्यात. अंडी दोन तऱ्हांची असतात. एक पातळ कवचाची आणि दुसरी जाड, नक्षीदार कवचाची. जाड कवचाची अंडी गोठवणाऱ्या हिवाळ्यातून तग धरतात, असं मानलं जातं.

वर्णन प्रसिद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती. बेल्जियमचे रोटिफरतज्ज्ञ विलेम डी स्मेट यांनी 2002 साली या प्राण्याची दुसरी नोंद दिली. ती होती थेट हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या क्रोझे बेटांवरून. जबड्याचं इतकं बारकाईचं चित्र आधी छापलेलं नसतं, तर ते नमुने कुठल्याशा बाटलीत ‘अनोळखी’ म्हणून पडून राहिले असते. पण पृथ्वीच्या दोन टोकांना हा प्राणी पोचला कसा? वारा, पक्ष्यांचे पाय की ती जाड कवचाची अंडी? की मधल्या सगळ्या झऱ्यांमध्ये तो आहेच, फक्त तिथलं मॉस धुऊन कोणी पाहिलेलं नाही? मला हे शेवटचं उत्तर जास्त पटतं.