अर्धी गोळी द्यायची की थांबवायची?

मराठीत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या बोलीत मात्र पंपिंग मंदावलेलं हृदय घेऊन तो वर्षानुवर्षं जगतो. परळच्या वॉर्डात फाईलवरचे हे दोन शब्द वाचून नातेवाइकांनी फोन फिरवायला घेतलेले पाहिले आहेत.

अशा पेशंटला वरून हृदयविकाराचा झटका आला, तर? 1967 साली अमेरिकेत 250 रुग्णांवरून चार पायऱ्या ठरल्या: फुफ्फुसात पाणी नाही, थोडं, भरपूर, आणि शॉक, म्हणजे बीपी कोसळून शरीराला रक्तच पुरेनासं होणं. शॉकमधले 81 टक्के दगावले. पुढे रक्ताची गाठ विरघळवणारी औषधं आली. 1999 मध्ये शॉकच्या रुग्णांत तातडीची अँजिओप्लास्टी किंवा बायपास अजमावली गेली. महिनाभरात मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही, सहा महिन्यांनी दिसला.

खरा घोळ बीटा-ब्लॉकरचा, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळीचा. ऐंशीच्या दशकात झटक्यानंतर ही गोळी जीव वाचवते हे कळलं, पण हार्ट फेल्युअरमध्ये ती वर्ज्य होती. दमलेल्या बैलाला आणखी वेसण कशाला? 1999 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी ही समजूत उलटवली: थेंबाथेंबाने डोस वाढवत नेला तर मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. झटक्याच्या पहिल्याच दिवशी शिरेतून मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर देण्याकडेही कल होता. 2005 मध्ये चीनमधल्या 45,852 रुग्णांचे निकाल आले. हजारी 5 जणांचा पुन्हा येणारा झटका टळला, 5 जणांच्या ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ टळला. पण 11 जण जास्त शॉकमध्ये गेले. फुफ्फुसात पाणी असलेल्यांना धोका अधिक. माझ्या मते, या एका निकालाने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त शहाणपण शिकवलं.

त्यानंतर स्टेंटच्या किमतीवर 2017 मध्ये मर्यादा आली, मुंबईत रात्री-अपरात्री कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोल्या, चालू लागल्या. तरी ज्याला आडवंच होता येत नाही, त्याला टेबलावर घेणार कसं? आधी ऑक्सिजन, लघवी करवणारं इंजेक्शन, दाबाने हवा देणारा मास्क, मग मनगटातून तार.

पहाटे डोंबिवलीहून आणलेला पेशंट उकिडवा बसून धापा टाकत असतो. मुलगा पिशवीतून बीटा-ब्लॉकरच्या पट्ट्या काढत विचारतो, "सकाळची अर्धी गोळी राहिलीये, देऊ का?" डॉक्टर आधी बीपी बघतात, तळपाय चाचपतात. ऊबदार असले तर गोळी सहसा चालू राहते, फार तर डोस कमी होतो. गार पडले असतील, म्हणजे शॉकची चाहूल असेल, तर पट्टी पुन्हा पिशवीत जाते.