घर मागवण्याआधी दार मोजा

मॉडेल रेल्वेच्या शेजारी मांडायची छोटी घरं आणि स्टेशनं आम्ही विकतो, जोडून उभी करायच्या सुट्या भागांच्या संचात, म्हणजे किटमध्ये. "रूळ १६.५ मिलिमीटरचे आहेत, त्यांना शोभेल असं एखादं जर्मन स्टेशन पाठवा." अशी ऑर्डर आली की आम्ही लगेच पार्सल बांधायला घेत नाही. आधी दोन-तीन प्रश्न विचारतो. काही ग्राहकांना वाटतं, पैसे देतोय तर एवढी चौकशी कशाला? त्यांच्यासाठी, आणि नव्यानं लेआउट, म्हणजे टेबलावरचं रेल्वेचं गाव, मांडणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक.

गेज म्हणजे रुळांमधलं अंतर आणि स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती लहान, हे तुम्हाला माहीत असतंच. तरीही चूक होते, कारण १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर दोन वेगळ्या स्केलच्या गाड्या धावतात. जर्मन, फ्रेंच, अमेरिकी गाड्या एचओच्या, म्हणजे १:८७. ब्रिटिश गाड्या मात्र डबल ओच्या, म्हणजे १:७६. ब्रिटनमधली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगानं लहान. त्यांची १:८७ ची प्रतिकृती केली तर त्या काळच्या विजेच्या मोटर आत मावेनात. मग रूळ तेच ठेवले आणि वरची गाडी मोठी केली. हॉर्नबीची डब्लो १९३८ मध्ये याच हिशोबानं बाजारात आली आणि तिकडे तीच रीत रुळली. लांबीत हा फरक १४ टक्क्यांचा, पण आकारमानात जवळजवळ दीडपट होतो. नजरेला खटकतं ते आकारमान.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, "गाडी कोणती आहे?" रुळांचं माप सांगून आम्हाला काहीच कळत नाही.

दुसरी गाठ घरांच्याच मापाची. ती जरा जुनी आहे, आणि ती सोडवायला थोडा इतिहास सांगावा लागतो. आमच्या फळ्यांवर सर्वांत जास्त माल फालर या जर्मन कंपनीचा. १९४६ मध्ये, युद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच, एडविन आणि हेर्मान फालर या भावांनी जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख गावी हा धंदा सुरू केला. तो सगळा पट्टा घड्याळांचा आणि लाकूडकामाचा, त्यामुळे बारीक कामाला सरावलेले हात आजूबाजूलाच होते. सुरुवातीला लाकूड आणि पुठ्ठा. पन्नासच्या दशकात साच्यातलं प्लॅस्टिक आलं आणि घराचं रूपच पालटलं. भिंती एका रंगाच्या, कौलं दुसऱ्या, खिडक्यांच्या चौकटी तिसऱ्या, सगळे भाग प्लॅस्टिकच्या एका सांगाड्याला, म्हणजे फ्रेमला, जोडलेले. कापायचे, घासायचे, चिकटवायचे. ज्याला ब्रश धरता येत नाही त्याच्याही टेबलावर संध्याकाळपर्यंत घर उभं राहू लागलं. आमच्या मते मॉडेल रेल्वेचा छंद घराघरात नेण्यात इंजिनांइतकाच वाटा या किटांचा आहे.

आता मापाकडे या. खरा ३०० मीटरचा फलाट १:८७ मध्ये जवळपास साडेतीन मीटर लांब होतो. एवढं टेबल कुणाच्या घरात असतं? गाडी आणखी लहान करता येत नाही, रूळ तिला बांधून ठेवतात. घराला तसं बंधन नाही. म्हणून त्या काळच्या कितीतरी घरांची खरी मापं १:१०० च्या आसपास भरतात, खोक्यावर मात्र एचओ असतं. फालरनंच असं केलं असं नाही, इतर कारखान्यांचीही हीच रीत होती. यात ग्राहकाला फसवण्याचा हेतू नव्हता. एक मजला कमी उंच, खिडकी किंचित अरुंद, आणि अख्खं गाव टेबलावर मावलं. मागच्या रांगेत ही घरं आजही सुरेख दिसतात, लांबच्या अंतराचा भास आपोआप होतो.

अडचण येते ती दाराशी. दोन मीटरचं दार १:८७ मध्ये २३ मिलिमीटर होतं, १:१०० मध्ये २०. आणि पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:८७ मध्ये होतो बरोबर २० मिलिमीटर. आमच्या कामाच्या टेबलावर एका जुन्या स्टेशनच्या दारात आम्ही प्रायझर या आकृत्या बनवणाऱ्या कंपनीचा १:८७ चा तिकीट तपासनीस उभा करून ठेवला आहे. त्याची टोपी चौकटीला टेकते. त्याच दारात डबल ओचा माणूस उभा केला, तर तो २३ मिलिमीटरचा भरतो आणि त्याचं कपाळच चौकटीच्या वर जातं. एकदा हे पाहिलं की पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

किट परत घेण्याचा आमचा नियमही कडक आहे. फ्रेमवरून एक जरी भाग कापला असेल तर ते किट आम्ही परत घेत नाही. यावर रागावलेली पत्रं येतात, आम्ही ती मनापासून वाचतो. पण मोठ्या स्टेशनच्या किटमध्ये शंभराहून जास्त भाग असतात. ते एकेक करून मोजायचे, हरवलेलं हुडकायचं, आणि तरीही पुढच्या ग्राहकाला "हे पूर्ण आहे" असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तसा माल आम्हाला विकायचा नाही. खोकं उघडा, सूचनापत्रक वाचा, फ्रेम न कापता भिंत गाडीशेजारी उभी धरून बघा. नाही पटलं तर तसंच परत पाठवा, आम्ही आनंदानं घेऊ. कटर हातात घेण्याआधीची ही पाच मिनिटं तुमचे दोन आठवडे वाचवतात.

घर चिकटवून झालं असेल आणि मग चूक लक्षात आली असेल, तरी टाकून देऊ नका. त्याला मागे सरकवा आणि चार-पाच मिलिमीटरचं जोतं द्या. समोर एक-दोन पायऱ्या किंवा कुंपण आलं की दार थेट माणसाच्या शेजारी येत नाही आणि नजर फसते. दाराजवळ आकृती मात्र ठेवू नका. जोत्यासाठी दगडी पोताच्या पट्ट्या आमच्याकडे कापून मिळतात, घराच्या तळाचं माप कळवलंत तर त्या मापातच देतो.

फालरची कार सिस्टिम, म्हणजे लेआउटच्या रस्त्यांवर आपोआप धावणाऱ्या गाड्या, वापरणाऱ्यांनी दाराच्या मापाकडे जास्त लक्ष द्यावं. १९८९ मध्ये आलेल्या या पद्धतीत रस्त्याखाली तार पुरलेली असते आणि पुढच्या चाकांना जोडलेला लोहचुंबक तिच्या मागोमाग गाडी वळवत नेतो. ट्रक १:८७ चा, आणि अग्निशमन केंद्र जुन्या साच्यातलं, अशी जोडी जमवायची असेल तर दरवाजाची रुंदी आणि उंची आमच्याकडून आधी मोजून घ्या. आम्ही कॅलिपरनं मोजून कळवतो, त्यासाठी वेगळं काही घेत नाही.

खोक्यावरून स्केल ओळखायची तर सहा आकडी क्रमांक बघा. फालरच्या इमारतींमध्ये १ नं सुरू होणारा क्रमांक एचओचा, २ नं सुरू होणारा एन या त्याहून लहान स्केलचा, फक्त २८ नं सुरू झाला तर तो झेड या आणखी लहान स्केलचा. बी अक्षर आणि पुढे दोन-तीन आकडे असतील तर किट जुनं आहे, आणि तिथे दार मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. एनमध्येही जर्मन माप १:१६० आणि ब्रिटिश १:१४८ आहे, रूळ दोन्हींचे ९ मिलिमीटरचेच. तिथेही नियम तोच.

"फालर बंद पडली ना?" हेही वारंवार विचारलं जातं. २००९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता, त्यावरून ही समजूत पसरली. कंपनी त्यातून सावरली आणि नवी किटं येतच राहिली. जुन्या साच्यांतली घरं आम्ही संग्रहातून घेतो, भाग मोजून घेतो, आणि जे भाग नाहीत त्यांची यादी खोक्यावर चिकटवतो.

तर ऑर्डर देताना एवढंच करा. तुमची गाडी, तिच्याशेजारी एक माणसाची आकृती आणि त्यांच्यामागे उभी मोजपट्टी असा एक फोटो काढा. घर पुढच्या रांगेत ठेवणार की मागच्या, हे एका ओळीत लिहा. त्यावरून कोणतं घर पाठवायचं ते आम्ही बघतो, आणि शोभणारं फळीवर नसेल तर तसं स्पष्ट कळवतो.