बोगद्यातली जोखीम कोणाच्या माथी?

टोलच्या आंदोलनाने कोल्हापूरकरांना खासगी भागीदारीचा करार बारकाईने वाचायला शिकवलं. रस्ता कुणी बांधायचा, पैसे कुणी गोळा करायचे, काम निकृष्ट निघालं तर जाब कुणाला विचारायचा? हेच प्रश्न भुयारी रेल्वेसोबत जमिनीखाली गेले की आणखी अवघड होतात, कारण तिथली खराबी चालताबोलता नजरेला पडत नाही.

मालक एक आणि चालवणारा दुसरा, ही पद्धत आपल्याकडे जुनीच. 1891 साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर लोहमार्ग संस्थानच्या मालकीचा होता, चालवायची मात्र सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी. लंडनने हीच विभागणी भुयारात केली. तिथली रेल्वे 1863 ची. 2003 च्या सुमारास 30 वर्षांचे करार झाले: गाड्या चालवणं सरकारी संस्थेकडे, रूळ, सिग्नल, बोगदे आणि डब्यांची देखभाल खासगी कंपन्यांकडे.

कामाचं मोजमाप हुशारीने ठरवलं होतं. समजा, सिग्नल बिघडला आणि 900 प्रवासी 4 मिनिटं खोळंबले, तर 60 प्रवासी-तास वाया गेले. तोच बिघाड पहाटे 30 जणांच्या वाट्याला आला, तर फक्त 2. दंड आणि बक्षीस या तासांवर. ही कल्पना मला आजही पटते. प्रवाशाचा वेळ तिने हिशेबात आणला.

पण तास मोजले जातात बिघाड झाल्यावर. चाकांच्या सततच्या दाबाने रुळाच्या माथ्यावर केसाएवढ्या चिरा पडतात, त्या आत उतरत जातात. खोलवरची चीर शोधायला ध्वनिलहरी सोडाव्या लागतात, वरवरच्या चिरा रूळ घासून काढता येतात. हे सगळं रात्री गाड्या थांबल्यावर, वीज तोडून, जेमतेम चार तासांत उरकायचं आणि पहिल्या गाडीआधी शेवटचा पानासुद्धा बाहेर आणायचा. शंभर वर्षं जुन्या बोगद्याची नेमकी अवस्था माहीत नसताना पुढच्या 30 वर्षांचा खर्च कोण बरोबर मांडणार?

लंडनमधल्या या कंपन्यांपैकी मेट्रोनेट 2007 मध्ये कोलमडली. बरीचशी कामं तिने स्वतःच्याच भागधारक कंपन्यांना दिली होती, खर्च फुगत गेला. कर्जाच्या 95 टक्क्यांना सरकारी हमी होती, त्यामुळे भार अखेर जनतेवर आला. ट्यूब लाइन्स ही दुसरी कंपनी 2010 मध्ये सरकारी वाहतूक संस्थेनेच विकत घेतली.

दिल्लीच्या विमानतळ मार्गावर पूल आणि बोगदे सरकारी मेट्रोने बांधले, रूळ टाकून गाड्या चालवणं खासगी कंपनीकडे. जुलै 2012 मध्ये पुलावरून जाणाऱ्या भागात गर्डरखालच्या (तुळयांखालच्या) बेअरिंगमधल्या, म्हणजे भार पेलणाऱ्या आधारांमधल्या, दोषांमुळे सेवा थांबली. दोष एकाच्या बांधकामात, गाड्या बंद दुसऱ्याच्या. 2013 मध्ये मार्ग दिल्ली मेट्रोकडे गेला, पण भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात 2024 पर्यंत चालला.

माझं म्हणणं एवढंच, की सही करण्याआधी रूळ, बेअरिंग, बोगद्याचं अस्तर यांची तपासणी त्रयस्थाकडून व्हावी आणि त्या नोंदी कंपनीच्या कपाटात नव्हे, सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात राहाव्यात. दर रात्रीच्या तपासणीची भर त्यात पडावी आणि त्या नोंदी कुठल्याही नागरिकाला मागता याव्यात.